काळ्या पडद्यातलं दार

अशा गोष्टींची टिंगल करण्यात मी पहिला. इथले भुताटकीचे अनुभव वाचायचो तेही जेवताना, करमणूक म्हणून. त्यामुळे आता माझी कोणी टिंगल केली तर तक्रार करणार नाही...

आमचं घर मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाजवळ. मी नोकरीला शहापूरला. गेल्या हिवाळ्यात मोठा टीव्ही घ्यायचं ठरलं — बाबांना कबड्डी नीट दिसावी म्हणून. आता मी साधा कुकर घ्यायचा तरी महिनाभर सगळ्यांचं डोकं खाणारा माणूस. एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी — सगळे व्हिडिओ बघून झाले. सार इतकंच, की साध्या एलईडीत पडद्यामागे दिवे जळत राहतात, म्हणून काळा रंग राखाडी दिसतो. क्यूएलईडीत रंग भडक, पण मागे दिवे असतातच. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळ्यासाठी चक्क विझतो. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, एक एलईडी आणि एक ओएलईडी घरी नेऊन बघा, पसंत पडेल तो ठेवा.

दुपारी दोन्ही टीव्ही दारासमोरच्या भिंतीशी शेजारी शेजारी मांडले. हॉलमध्ये ऊन इतकं, की फरक कळेना. मग मी डोकं चालवलं — म्हशाच्या जत्रेतून आणलेल्या घोंगड्या खिडक्यांवर टांगल्या, दार लोटून त्यावरही एक टांगली. आई अंगणात तांदूळ पाखडत होती, ती माझा उद्योग बघून हसली. बाबांना दमा आहे, घोंगडीची धूळ सोसत नाही. मी बाहेर बसा म्हटलं, पण टीव्ही त्यांचा, तर निवडणार तेच! त्यांचा दम्याचा पंप ओटीवर राहिला.

दोन्हीकडे नुसता काळा पडदा दाखवणारा व्हिडिओ लावला. एलईडी राखाडी. ओएलईडी... तिथे टीव्ही आहे हेच कळेना. मी खूश. तेवढ्यात बाबांना खोकला सुरू झाला म्हणून उठलो आणि दाराची घोंगडी वर केली.

मागे भिंत. गार, गुळगुळीत. ना कडी, ना चौकट. वाटलं, चुकीची घोंगडी धरली. सगळ्या उचलून पाहिल्या. खिडक्याही नव्हत्या. दिव्याचं बटण दाराशेजारी, तेही नाही. भिंतीवर मुठी आपटल्या, आईला हाका मारल्या, पण आवाज खोलीबाहेर जातोय असं वाटेचना. एलईडीच्या त्या राखाडी उजेडात बाबांची छाती भात्यासारखी हलताना दिसत होती. मला रडू फुटलं, लाज कसली सांगायला. बाप डोळ्यांसमोर गुदमरत होता आणि आमच्याच घरातून बाहेर पडायला वाट नव्हती.

बाबांनी ओएलईडीकडे बोट केलं. त्या काळ्यात आमची खोली दिसत होती. आम्ही दोघं, आणि आमच्या मागे दार — सताड उघडं. बाहेर ऊन, उन्हात सूप घेऊन बसलेली आई. मी गर्रकन मागे वळलो... भिंत.

"मागं बघू नको," बाबा तुटक श्वासात म्हणाले. "आईकडं बघ, आन् उलटा चाल."

त्यांच्या काखेत हात घालून त्यांना धरलं. पडद्यावरची नजर न काढता एकेक पाऊल मागे सरकलो. पाठीला भिंत लागायला हवी होती तिथे ऊन लागलं. उंबरठ्याला अडखळून दोघंही ओटीवर पडलो. पंप त्यांच्या तोंडाला लावला, हळूहळू श्वास परत आला.

मग मी आईवर चिडलो — एवढ्या हाका मारल्या, आलीस का नाहीस?

"आलेली ना मी. दोनदा," ती म्हणाली. "दार उघडंच होतं. दोन्ही टीव्ही चालू, आन् मानूस एक नाय. तुमी कुठं गेलेले रे?"

श्वास कमी पडला की भास होतात, हे वाचून झालं. पण दोघांना एकच भास कसा, आणि आईला आम्ही का दिसलो नाही, याचं उत्तर अजून कुठे मिळालेलं नाही. ओएलईडी परत दिला. दुकानदाराने विचारलं, काय खोट निघाली? म्हटलं, काही नाही, चित्र फार चांगलं आहे.

एलईडी ठेवला. मॅचमध्ये मागचे प्रेक्षक धुक्यात बसल्यासारखे दिसतात. परवा मी म्हटलं, सेटिंग बदलून काळा जरा गडद करू का. बाबांनी रिमोट माझ्या हातातून काढून घेतला.

"असू दे," म्हणाले. "मागं दिवा जळतोय, तो जळू दे."