तोंडातलं खाली टाकायचं नाही

फोन आला तेव्हा मी इकडे परदेशात, क्लोनडॉकिनला लेकाच्या घरी मेथी निवडत होते. सकाळचे दहा वाजले असतील. सून एमर फोन कानाला लावून जिन्यातच खाली बसली, आणि तिच्या बसण्यावरूनच मला कळलं. मग सचिन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "आई, नोरा गेली. खुर्चीतच." मी विचारलं, फर्न कुठंय? त्याला माझा राग आला. माणूस गेलंय आणि हिला कुत्रीची पडलीय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. पण नोरा असती तर तिनेही पहिलं हेच विचारलं असतं.

याला आता पाच आठवडे झाले. नोरा माझी विहीण, एमरची आई. किल्डेअरकडे शेतांच्या कडेला तिचं घर. मुलांच्या लग्नानंतरची चार वर्षं आम्ही सणावारी भेटायचो, एकमेकींकडे बघून हसायचो, संपलं. मला इंग्रजी कामापुरतं येतं आणि मराठी तिला 'विहीणबाई' एवढंच. तेही तिला माझं नावच वाटायचं. तिच्या भाषेत अहो-जाहो नाही, म्हणून मीही तिला एकेरीतच लिहिते. पाहुणी म्हणून आली की कोटाला कुत्र्याचे केस आणि बुटांना चिखल. मला ती आवडत नव्हती, हे लिहायला हरकत नाही. तिलाही ठाऊक होतं.

मग २०२० उजाडलं. सचिन औषधांच्या कारखान्यात, त्याला रोज जावंच लागायचं. तो आजार घरी आणेल म्हणून एमरने आम्हा दोघी म्हाताऱ्यांना नोराच्या घरी एकत्र ठेवलं. दोन आठवड्यांसाठी गेले होते. दीड वर्ष राहिले.

नोरा लॅब्रेडॉर पाळायची, त्यातही फक्त माद्या. ही जात शिकारीत पडलेला पक्षी उचलून आणते. त्यांच्या स्पर्धा असतात, पण पळण्याच्या नव्हेत. बंदूक उडते, फेझंट पडतो, आपल्या रानकोंबड्यासारखा पक्षी. कुत्र्याने जागचं हलायचं नाही, कुईं करायचं नाही, पक्षी कुठे पडला ते लक्षात ठेवायचं. सांगितलं की काट्यांतून, पाण्यातून जायचं आणि न चावता थेट मालकाच्या हातात आणून द्यायचा. पंच मग पक्ष्याच्या फासळ्या दाबून बघतात. चेपलेल्या निघाल्या की घरी. मी नोराला म्हटलं, एवढा उपद्व्याप करायचा तर नर का नाही ठेवत, सगळे पुरुष नरच घेऊन येतात म्हणतेस. ती म्हणाली, नर तुझ्यासाठी काम करतो, मादी तुझ्याबरोबर करते. मला हे पटलं. माझ्या बापाच्या म्हशी मी पाहिल्या होत्या.

तिच्या आईच्या वेळेपासून कुत्र्यांच्या वंशाची एकच ओळ चालत आलेली होती, आईची लेक, लेकीची लेक. पण ओळ आता आटली होती. एकीचे डोळे पाचव्या वर्षीच गेले. दुसरीचे खुबे खराब निघाले. दोघींचाही वंश नोराने स्वतःच थांबवला, दोष पुढे जायला नको म्हणून. धडधाकट उरली ती एकटी फर्न, तीन वर्षांची, काळी, शहाणी. आणि नोराच्या हृदयाची झडप कामातून गेलेली. डॉक्टरांनी ऑपरेशन सोसणार नाही म्हणून सांगितलं होतं. तेव्हा तिला दोनच गोष्टी हव्या होत्या... फर्नला एक लेक, आणि एका खऱ्या स्पर्धेच्या निकालात फर्नचं नाव.

त्या वर्षी दोन टाळेबंद्यांच्या मधल्या फटीत एक छोटी स्पर्धा ठरली. आठ दिवस आधी फर्न माजावर आली. नियम असा की माजावरची मादी मैदानावर आणायचीच नाही, नरांचं लक्ष उडतं. नोरा स्वयंपाकघरात शिव्या देत फिरत होती. काय झालं ते तिने मला हातवाऱ्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे तुमच्याकडेही बाजूला बसवतात." मग तिला आमचं बाजूला बसणं समजावलं. चार दिवस ओसरीच्या कोपऱ्यात, वेगळं ताट, वेगळी वाकळ, कुणाला शिवायचं नाही. ती ऐकत राहिली आणि मग एवढी हसली की धाप लागून तिला खुर्चीत बसावं लागलं. म्हणाली, "लक्ष कुणाचं उडतं आणि शिक्षा कुणाला, बघ."

स्पर्धा हुकली तर निदान पिल्लं, म्हणून त्याच माजाला फर्नला एका चांगल्या नराकडे नेली. नाताळाच्या आधी ती व्याली. दुपारची वेळ होती. चार पिल्लं झाली, तीन मेलेली. चौथी मादी होती. तिला मी टॉवेलात घेऊन चोळली, तोंडातला चिकटा बोटाने काढला, पाय धरून डोकं खाली करून हलवली, जसं आम्ही रेडकाला करायचो. तिने श्वास घेतला. दोन दिवस जगली. त्यानंतर फर्नला ताप चढला, पिशवीत पू झाला. जनावरांच्या डॉक्टरने पिशवी काढली तेव्हा ती वाचली. ओळ तिथेच संपली.

नोराने गळपट्टे, शिट्टी, सरावाला पक्ष्याऐवजी फेकायच्या कॅनव्हासच्या डम्या, सगळं एका पेटीत भरलं आणि पेटी गॅरेजमध्ये ठेवली. आठवडाभर खिडकीत बसून राहिली. मला सांत्वन जमत नाही. मी पेटी परत आणून तिच्या पायाशी आपटली. म्हटलं, "माझीही पिशवी चाळिशीत काढली. दुसऱ्या महिन्यात मी खुरपणीला गेले. पिशवी गेली, तिचे पाय गेलेत का? नाक गेलंय का?" एवढं इंग्रजीत बोलायला मला खूप वेळ लागला, आणि मध्ये तिने एक शब्दही सुचवला नाही. मग म्हणाली, "विहीणबाई, तू फार वाईट बाई आहेस." आणि उठली.

कामाला लावलं मी, आणि नासवलंही मीच. आमच्यात शेवटची भाकरी कुत्र्याची. मी रोज भाकऱ्या झाल्या की मागच्या दारात फर्नला एक द्यायची. त्याच वेळी नोरा शेतात तिचा सराव घ्यायची. व्हायला लागलं असं, की फर्न डमी उचलून यायची, भाकरीचा वास आला की डमी वाटेतच टाकून माझ्या दाराशी. स्पर्धेत तोंडातलं खाली टाकलं की कुत्रं बाद. नोराला आठवडाभर कळेना की इतकी शिकलेली कुत्री अशी का बिघडली. कळलं तेव्हा ती माझ्यावर ओरडली नाही, धाप लागायची म्हणून, पण जे बोलली ते हळू आवाजात आणखी लागलं. म्हणाली, तुझ्या पुण्यापायी माझं वर्ष गेलं. मी म्हटलं, भाकरी बंद करते. ती म्हणाली, अजिबात नाही.

मग सगळा उन्हाळा तिने मला वाटेत उभं केलं. हातात गरम भाकरी, आणि फर्नने डमी घेऊन माझ्या जवळून जायचं. पहिले कितीतरी दिवस ती थांबायची, लाळ गाळायची, डमी टाकायची. नोरा काही न बोलता डमी उचलून पुन्हा तिथेच नेऊन टाकायची, पुन्हा पाठवायची. मी फर्नच्या डोळ्यांत बघायचं नाही, अशी मला ताकीद. भाकरी गार व्हायची, हात अवघडायचा. नोराचा श्वास तेव्हा इतका कमी झाला होता की सकाळभर ती कुणाशी बोलायची नाही, श्वास शिट्टीसाठी राखून ठेवायची. एमर फोन करायची तर मी उचलायची आणि सांगायची, तुझी आई आज बोलत नाही, ठीक आहे. ऑगस्टमध्ये एका सकाळी फर्न माझ्याकडे न बघता सरळ पुढे गेली. भाकरी नोराने आणि मी अर्धी अर्धी खाल्ली.

स्पर्धा नोव्हेंबरात झाली. लोक कमीच सोडले होते. मी साडी खोचून, गमबूट घालून मागच्या रांगेत उभी. नोरा काठी टेकत, चार पावलांवर थांबत चालत होती. एक पंच तिला म्हणाला, बाई, थांबायचं का? तिने मानेनेच नाही म्हटलं. पहिले दोन पक्षी फर्नने नीट आणले. तिसरा नाल्यापलीकडे पडला, जखमी, आणि पळाला. दुसऱ्या कुत्र्याला तो सापडला नाही. फर्न गेली ती दिसेनाशी झाली. लोक घड्याळं बघायला लागले. नोराने शिट्टी ओठात धरली होती पण वाजवली नाही. मग झुडपातून काळं डोकं वर आलं, तोंडात जिवंत पक्षी, पंख फडफडतोय. ती पाण्यातून आली, लोकांच्या रांगेशेजारून आली, आणि नोराच्या हातात दिला. पंचांनी फासळ्या दाबल्या, ठीक म्हणून मान डोलावली.

चौथा नंबर आला. पहिला नाही. गाडीत बसल्यावर नोरा एकच शब्द बोलली, "ग्रँड." त्यांच्यात याचा अर्थ ठीक आहे इतकाच. त्यानंतर एमर मला दोन दिवसांसाठी क्लोनडॉकिनला घेऊन आली. तिसऱ्या दिवशी तो फोन आला.

सचिन म्हणाला होता, फर्नला एखाद्या शेतकऱ्याला देऊन टाकू. मी नाही म्हटलं, एमरही नाही म्हणाली. आता ती आमच्याकडे आहे. घरामागच्या मोकळ्या मैदानात मी तिला रोज नेते. मला लांब फेकता येत नाही, खांदा दुखतो. या कुत्र्यांना 'जा' म्हणत नाहीत. नाव घेतलं की ती निघतात, आणि तिचं नाव आजवर एकाच आवाजात घेतलं गेलेलं. पहिले काही दिवस मी फर्न म्हटलं की ती रस्त्याकडे बघायची. मी थांबायची. पुन्हा म्हणायची. ती पुन्हा तिकडेच. मी तिला सांगितलं, मराठीतच, तिकडून कुणी येणार नाही, काम कर... काल ती गेली. ओल्या गवतात शोधून डमी आणली, माझ्यासमोर बसली आणि मान वर केली. मी वाकून घेईपर्यंत सोडली नाही. वाकायला मला वेळ लागतो.

घेतली, आणि पुन्हा फेकली.