आधी चहा, मग सांगावा

आमच्या गावात ईरप्पा नावाचा माणूस होता आणि त्याच्याकडे सायकल होती. त्याच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं एवढंच, आणि तीही सासऱ्यानं दिलेली. हँडलला लोकरीचे गोंडे, चाकांच्या तुंब्यांवर रंगीत झालर, सीटवर मखमलीचं कव्हर. दारातले बैल उपाशी हंबरत असायचे आणि हा बाबा खोबरेल तेलाचं बोट घेऊन घंटी पुसत बसलेला असायचा.

वळसंगच्या पलीकडे आमचा माळ सुरू होतो. मुरूम, दगड, कुसळं आणि दिवसभर वारा. त्यावर गाडीवाटा आहेत, मेंढरांच्या पायवाटा आहेत, आणि दुष्काळात केलेला एक खडीचा रस्ता आहे. बाहत्तरच्या दुष्काळात बायांनी उन्हात बसून दगड फोडले, खडी पसरली, आणि रोलर यायच्या आत पाऊस आला. काम बंद झालं. खडी तशीच राहिली, धारदार आणि मोकळी. या रस्त्याच्या कामावर आमच्या गावची राजाबाईही होती. बिरप्पा मेंढक्याची ही लेक माळापलीकडच्या कोळेकरवाडीत दिलेली. आपण फोडलेल्या खडीवरून आपल्यालाच माहेरी जायला मिळणार, म्हणून ती दुसऱ्या बायांपेक्षा जोरानं हातोडा मारायची. ईरप्पाही त्या कामावर होता. मुकादमाची छत्री धरायला.

पुढं हाच ईरप्पा चावडीवर बसून सांगायचा की बायांनी खडी जाड फोडली, त्यामुळं सायकलीच्या टायरांचं वाटोळं होतं. एक दगड फोडला नाही पठ्ठ्यानं, पण खडीबद्दल बोलायचा इंजिनियरासारखं.

माळावरच्या सगळ्या वाटा ईरप्पाला पाठ आहेत, असं गाव म्हणायचं. गावाला काय, कुणी घंटी वाजवत गेलं की ते शहाणं वाटतं. मला विचाराल तर ईरप्पाला वाटा पाठ नव्हत्या, चहा पाठ होता. कुठल्या वस्तीवर म्हशीचं दूध, कुठं शेळीचं, कुठली बाई चहाबरोबर भाकरी विचारते, कुठली नुसती पाण्यावर भागवते, हे त्याला नेमकं ठाऊक. त्या हिशोबानं त्याच्या वाटा वाकायच्या. खडीच्या रस्त्यावर एकही घर नाही, म्हणून त्या रस्त्यानं तो कधी जात नसे. लोकांना मात्र टायरचं कारण.

आता सायकल आहे म्हटल्यावर मयतीचा सांगावा पोचवायचं काम त्याच्याकडे आलं. पूर्वी दोघंजण चालत जायचे. आमच्याकडे त्याची रीत अशी, की सांगावा घेऊन गेलेल्यानं त्या घरचं काही घ्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. दाराबाहेर उभं राहायचं, सांगायचं आणि माघारी फिरायचं. माणूस दारात थबकला, टेकला नाही, की लांबूनच बाया समजायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. बोलायला सुरुवात करायच्या आधीच अर्धी बातमी पोचलेली असायची.

ईरप्पानं या रितीतून आपली पळवाट काढली. सांगितल्यावर काही घ्यायचं नाही ना, मग सांगायच्या आधी घ्यायचं. जायचं, सायकल भिंतीला लावायची, पाय धुवायचे, घोंगड्यावर बसायचं, चहा प्यायचा, आणि निघताना सांगायचं. लांबच्या नात्यातली मयत असली की तासाभरानं कुणाचं काही अडत नसे, म्हणून बरेच दिवस हे खपलं. नंतर चार शिव्या घालून लोक गप्प बसायचे. दुःखात असलेली माणसं चहाचं कुठं काढत बसणार? त्याची लाज झाकली गेली ती अशी दुसऱ्यांच्या रडण्याखाली.

दुष्काळानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, वैशाखात, बिरप्पा मेंढका पहाटे गेला. म्हातारा राजाबाईवर जीव टाकायचा. तिच्या हातचं पाणी तोंडात पडल्याशिवाय मला माती देऊ नका, असं त्यानं दुखण्यात मुलाला, धुळाला, बजावून ठेवलं होतं. ऊन तापायच्या आत धुळानं ईरप्पाला गाठलं आणि हात जोडून सांगितलं, की तात्या, खडीच्या रस्त्यानं जा, टायर फाटला तर माझ्यावर. ईरप्पा व्हय म्हणाला आणि गावाबाहेर पडताच वळसंगच्या लांबच्या गाडीवाटेला लागला. शेळ्या राखणाऱ्या माणसानं डोळ्यानं पाहिलं.

वाटेत दोन वस्त्या होत्या. दोन्हीकडे चहा झाला.

कोळेकरवाडीला पोचला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. राजाबाईनं घंटी ओळखली आणि धावत बाहेर आली. बाप आजारी, तो टेकतो का तेवढं ती बघत राहिली. पण ईरप्पानं सायकल भिंतीला लावली, पाय धुतले, बसला. तिचा जीव भांड्यात पडला. तिची सासू केराबाई पण हसली, पाव्हणं बसलं म्हणजे सगळं बरं हाय म्हणाली. राजाबाईनं चहा टाकला. माहेरचा माणूस म्हणून चूल पुन्हा पेटवून भाकऱ्या थापल्या, शेंगाची चटणी वाढली, वर दही दिलं. वाढता वाढता तिनं विचारलं, आबा कसं हायत?

ईरप्पा घास चावत म्हणाला, "निवांत हायत."

मी आयुष्यात खोटं बोलणारी माणसं पुष्कळ पाहिली. त्यांना निदान खोटं बोलताना घास अडकतो. याचा अडकला नाही. तो तिसरी भाकरी जेवला, चूळ भरली, सुपारी मागितली. मग सायकलीवर टांग टाकून, एक पाय जमिनीवर ठेवून त्यानं सांगितलं, की बिरप्पा पहाटंच गेला, माती थांबलीय, बिगी निघ. आणि घंटी वाजवून चालू पडला. तिला मागं कॅरिअरवर घ्यावं, हेही त्याला सुचलं नाही. सुचलं असेल तर स्प्रिंगची काळजी वाटली असेल.

राजाबाई खडीच्या रस्त्यानं पळाली. पायात वहाण घालायचंही तिला सुचलं नाही. तिनंच फोडलेली ती खडी तिच्या तळव्यात घुसत होती.

इकडे गावानं वाट पाहिली. धुळानं प्रेत लिंबाच्या सावलीत ठेवलं, ओली धोतरं टाकली. पण वैशाखाचं ऊन ते, म्हाताऱ्या माणसांनी शेवटी ऐकलं नाही. राजाबाई शिवेवर पोचली तेव्हा लोक माती देऊन विहिरीवर हातपाय धूत होते. ती सरळ विहिरीवर गेली. विहिरीतून ओंजळभर पाणी घेतलं आणि त्या ताज्या मातीच्या ढिगावर नेऊन ओतलं. माती होती, तिनं पाणी लगेच पिऊन टाकलं.

मग ती धुळाला म्हणाली, "माझ्या हातचं जेवला, मग सांगितलं."

धुळा ईरप्पाच्या अंगावर धावून गेला. चौघांनी धरलं म्हणून, नाहीतर त्या दिवशी सायकलीचा तरी मुडदा पडला असता. चावडीवर ईरप्पाला विचारलं तेव्हा तो जराही ओशाळला नाही. म्हणाला, "सांगितल्यावर पानी घ्याचं न्हाय, म्या घेतलं न्हाय. रीत मोडली का म्या?" आणि आमची चावडी इतकी थोर, की दोनतीन माना डोलल्यासुद्धा.

पण बातमी माळभर फिरली, आणि सायकलीपेक्षा जोरात फिरली. बायांनी ती एकमेकींना सांगितली. सांगाव्याचं काम ईरप्पाकडून गेलं, पुन्हा दोघंजण चालत जाऊ लागले. याला त्याचं काही वाटलं नाही.

दीड-दोन वर्षांनी त्याच्या लेकीचं लग्न ठरलं. सायकलीचे गोंडे बदलले, पिशवीत हळदीकुंकवाच्या अक्षता घेतल्या आणि स्वारी माळावर आवतणं द्यायला निघाली. पहिल्या वस्तीवर सवयीप्रमाणे सायकल टेकवून बसला, चहा मागितला. त्याबरोबर घरातल्या म्हातारीनं हंबरडा फोडला. तिचा भाऊ आमच्या गावात आजारी होता. ईरप्पा बसला म्हणजे कोणीतरी गेलं, हे आता माळावर घरोघर माहीत होतं. तो लग्न लग्न म्हणेपर्यंत शेजारच्या बाया गळ्यात पडून रडत होत्या. लग्नाचं सांगून काय उपयोग, म्हातारीनं अक्षता हातात घेतल्या नाहीत. दुसऱ्या वस्तीवरही तेच.

कोळेकरवाडीत तो आला तेव्हा गल्लीतली माणसं कामं टाकून राजाबाईच्या दाराशी जमली. राजाबाईनं त्याला बसा म्हटलं. आत जाऊन चहा करून आणला, त्याच्यापुढं ठेवला आणि हात बांधून समोर उभी राहिली.

"प्या तात्या. म्या उबी हाय. पिऊन झालं की सांगा, कोण गेलं."

ईरप्पानं घाईघाईनं पिशवी उघडली. कोण न्हाय गेलं, लेकीचं लगीन हाय, आवतण द्याला आलोय, म्हणाला. पिशवी कलंडली, अक्षता घोंगड्यावर सांडल्या.

राजाबाई म्हणाली, "मग ते बसायच्या आदी सांगायचं हुतं."

केराबाई, शेजारच्या बाया, दारातले गडी, सगळे बघत होते. कुणी अक्षता उचलल्या नाहीत. उठून चालू पडावं, एवढी तरी चाड त्या वेळी त्याला असायला हवी होती.

त्यानं चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि प्याला.