हसूदादांनी मॉडेम जाळले नव्हते

ज्या माणसाला हाकलून दिलं, त्याच्या मरणाचा बॅनर लावताना लाज नाही वाटली का हो शेठ?

सकाळी हसूदादा गेले. हार्ट अटॅक.

अजून माणूस घरातून हलवला नव्हता, तोवर बोनकोड्याच्या नाक्यावर बॅनर चढलासुद्धा.

हसूदादांचा फोटो पासपोर्टएवढा. शेठचा दरवाजाएवढा. हात जोडलेले, डोळ्यावर गॉगल.

'आमच्या केबल परिवाराचा आधारस्तंभ हरपला.' खाली शोकाकुल म्हणून अकरा नावं. त्यात माझं पण! विचारलं कोणी मला?

आधारस्तंभ म्हणे. दोन वर्षांपूर्वी ह्याच आधारस्तंभाला सगळ्यांसमोर 'उद्यापासून येऊ नको' म्हणालात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी शेठच्या ह्याच केबल ऑफिसात कम्प्लेंटच्या फोनवर बसते. आजही. हसूदादा आमचे लाइनमन. वीस वर्षं खांबावर चढून वायरी ओढल्या. नववी नापास, पण कुठली वायर कुठे मेली ते नुसतं बोट फिरवून सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसातून एक चुकीचं अपडेट गेलं आणि लोकांच्या घरातले मॉडेम पटापट मेले. लाइट लागत नाही, काही नाही. नुसता दगड. पोतं भरून परत आले.

शेठचा भाचा तेव्हा नवा नवा इंजिनिअर. 'मामा, टेन्शन नॉट. मी जिवंत करतो.'

उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

मॉडेम उघडला की आत चार बारीक पिना असतात. तिथे वायरी लावायच्या, दुसरं टोक लॅपटॉपला, आणि मग मॉडेमशी बोलायचं. भाच्याने वायरी लावल्या. स्क्रीन कोरी. मॉडेमला शिव्या, कंपनीला शिव्या, मला 'चहा सांग'.

हसूदादा मागून बघत होते. म्हणाले, "आरं, दोगांची तोंडा समोरासमोर लावलीस तं आयकनार कोन? याचा तोंड त्याचे कानाला लाव."

"दादा, तुम्ही वायरी ओढा. हे सॉफ्टवेअर आहे."

सॉफ्टवेअर! कप्पाळ!

हसूदादांनी त्याच्या हातातून दोन वायरी काढून उलटसुलट केल्या. स्क्रीनवर अक्षरं आली, पण सगळी कचरा. भाचा लगेच, "बघा, फर्मवेअर करप्ट." हसूदादांनी खिशातला मीटर काढला, एकेक वायर तपासली. काळ्या वायरला मीटर वाजेना.

"ग्राउंडची वायर आतून तुटलेली हाय. बाहेरून कशी चकाचक दिसते बग."

वायर बदलली. अक्षरं स्वच्छ. तासाभरात पहिला मॉडेम उठला. लाइट लुकलुकायला लागले आणि मी खुर्चीतून टाळ्या वाजवल्या.

शेठ आत आले तर भाचा म्हणतो, "मामा, झालं माझं."

झालं माझं!

मग पावणे गावातल्या एका कारखान्याची लाइन गेली म्हणून हसूदादा निघाले. दारातून वळून बोलले, "तीनच वायरी लावायच्या. लाल करंटची, ती लावू नको. मॉडेमला त्याचा अ‍ॅडाप्टर हाय. दोनीकडून करंट गेला का चिप मेली समज."

ते जिना उतरले आणि ह्या दीडशहाण्याने चारही वायरी लावल्या. चार पिना आहेत तर चार वायरी, एवढीच त्याची अक्कल. आठ मॉडेम ओळीने लावले. आठही गेले. ऑफिसभर जळका वास.

शेठ ओरडत आले. भाचा म्हणाला, "कनेक्शन हसूदादांनी केलं होतं."

हसूदादा परत आले तेव्हा त्यांच्या हातात अजून पकड होती. शेठने त्यांच्यासमोर मला विचारलं, "सुरेखा, तू इथेच होतीस ना? कोणी लावल्या वायरी?"

मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं. मी फोनवर होते."

हसूदादांनी माझ्याकडे एकदा बघितलं. शेठ 'उद्यापासून येऊ नको' म्हणाले, तशी पिशवी घेऊन गेले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर मी दिला.

पुढच्या आठवड्यात भाच्याने अजून चार जाळले. तेव्हा मात्र म्हणे 'माल खराब होता'.

हसूदादांना परत कोणत्याच केबलवाल्याने उभं केलं नाही. 'मॉडेम जाळणारा' हे नाव त्यांच्या आधी पोचायचं. पावण्यात वॉचमन म्हणून बसले. मी रस्त्यात दिसले की तेच विचारायचे, "बरी हाय ना गं?" आणि मी मान खाली घालून घाईत असल्याचं नाटक करायचे.

पोरीची फी होती, घर होतं, ही कारणं मी दोन वर्षं स्वतःला ऐकवली. सगळी बकवास. मी घाबरट आहे, बस. शेठला नावं ठेवते ना मी एवढी? त्यांच्यात आणि माझ्यात फरक गॉगलचा.

दुपारी हसूदादांच्या पिंकीचा मेसेज आला.

'मावशी, आता पण एक जण दारात बोलला, मॉडेम जाळले ते हेच ना. पप्पा घरी कधी काही बोलले नाहीत. तुम्ही तिथे होता ना? पप्पांनी खरंच जाळले होते का?'

त्यांच्याच पोरीला माहीत नाही. बाप गेला त्या दिवशी तिला हे मला विचारावं लागलं.

नाही पिंकी.

तुझ्या पप्पांनी एकही मॉडेम जाळला नाही. त्यांनी मेलेला उठवला. लाल वायर भाच्याने लावली, मी माझ्या डोळ्यांनी बघितली. शेठने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.

शेठ, पोस्ट डिलीट कर म्हणून फोन करू नका. कामावरून काढायचं तर काढा.

पिंकी, उद्या घरी येते. हेच सगळं आईसमोर बोलते. दारातून परत पाठवलंत तर तसंच जाईन.

हसूदादा, तुमच्या पाया पडायची माझी लायकी नाही. तरी पडते.