दोनशे चाळीस मूर्ती आणि मूठभर अक्षता

आज सकाळी पोह्याच्या पापडांचं पीठ कुटून झालं, लाट्या तोडून झाल्या, आणि जेमतेम वीसेक पापड लाटले असतील तेवढ्यात दारात दिनानाथशेट येऊन उभे राहिले. त्यांचा गणपतीचा कारखाना आमच्याच आळीच्या टोकाला. एरवी कामाला माणूस धाडतात, आज स्वतः आले. चहाला नको म्हणाले.

"ताई, दादांना एकदा विचाराल? माझा फोन घेत नाहीत. पंधराशे मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या आहेत."

मी पिठावर ओलं फडकं टाकलं आणि दुपारच्या एसटीनं रोह्याला जायचं ठरवलं.

गुणाजीदादा माझा थोरला भाऊ. आमचं माहेर रोह्याजवळ, कुंडलिकेच्या काठाला. भात आणि वाल, एवढंच पिकतं. पण दादाचा हात लहानपणापासून रेघेचा. मी लग्न होऊन पेणला आले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी तो दिनानाथशेटांच्या वडिलांकडे कामाला लागला, तो पस्तीस वर्षं तिथंच. वहिनी लवकर गेली, मूलबाळ नाही. लावणी-कापणीपुरता गावी जायचा, बाकीचे दिवस आमच्या माळ्यावर.

त्याचं काम आखणीचं. मूर्तीचे डोळे काढायचे. सकाळी आंघोळ, कपाळाला गंध, मग तोंडातून शब्द नाही. मूर्तीसमोर मांडी घालायची, श्वास धरायचा आणि एका दमात पापणीची रेघ ओढायची. त्याचं एक बोलणं कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं. "डोळे उघडले की देव. तोवर नुसता माल." शेटांचा मुलगा धनेश शिकून आला आणि मूर्तींना 'पीस' म्हणायला लागला, तेव्हा दादा त्याला म्हणाला होता, "पीस कोंबडीचं असतं रे. ह्याला मूर्ती म्हण."

दुसरा त्याचा नेम अक्षतांचा. कारखान्यातून मूर्ती बाहेर पडताना तिच्या पाटाखाली तो मूठभर अक्षता ठेवायचा. आपल्या शेतातला तांदूळ, त्याला कुंकू. मी एकदा हसले तर म्हणाला, "पोरीला रिकाम्या ओटीनं सासरी धाडतात काय गो?" मूर्ती दादरला जावो की वडखळला, अक्षता चुकल्या नाहीत.

धनेशनं परदेशात मूर्ती पाठवायला सुरुवात केली, ती आधी अमेरिकेला. गेल्या वर्षी तिथला व्यापारी मागे हटला. त्यांच्या सरकारनं जकात वाढवायचं काढलं होतं, माल पोचेपर्यंत ती किती होईल याचा त्याला भरवसा नव्हता. तयार मूर्ती तशाच राहिल्या असत्या, पण धनेशनं धडपडून ऑस्ट्रेलियाचं गिऱ्हाईक मिळवलं. दोनशे चाळीस मूर्ती, कागदाच्या लगद्याच्या, वीतभर उंचीच्या, कारण तिकडे पुष्कळ जण घरी बादलीतच विसर्जन करतात. रंगात शिसं नको, त्याचा दाखला हवा. खोक्याचं लाकूड भट्टीत तापवलेलं हवं, त्यावर शिक्का हवा. दिनानाथशेट म्हणाले, "आमच्या बापानं बैलगाडीतनं देव पोचवले. आता देवाला पासपोर्ट काढायचा."

धनेशनं तिकडून आलेला कागद सगळ्यांना मराठीत वाचून दाखवला. धान्य नको, बी नको, पेंढा नको, झाडाची साल नको. तिथं पेटी उघडून बघतात, किडा दिसला तर खैर नाही. दादानं ते मनावर घेतलं. कारखान्यातला पेंढा त्यानं स्वतः उचलून बाहेर टाकला, काडी राहू नये म्हणून दोनदा झाडलं. पॅकिंग करणाऱ्या सरूला म्हणाला, "पदराला काय चिकटलंय बघ, मग खोक्याला हात लाव."

आणि खोकी बंद व्हायच्या दिवशी पहाटेच जाऊन त्यानं एकेका पाटाखाली अक्षतांची पुडी सरकवली.

त्या पुड्या मी बांधल्या होत्या. आदल्या दुपारी ओसरीवर बसून, दोनशे चाळीस. तांदळाला कुंकू मीच लावलं. धनेशचा कागद मलाही माहीत होता. दादाला सुचलं नाही, मलाही नाही.

गेल्या आषाढात निरोप आला. तिकडच्या बंदरावर खोकी उघडली, तांदूळ सापडला, आणि त्यात जिवंत सोंडकिडे. सगळा माल अडकला. एक तर औषधाच्या धुरीत ठेवायचा, नाही तर परत न्यायचा, नाही तर नष्ट करायचा. धुरीचा नंबर लागून माल हातात येईपर्यंत चतुर्थी उलटणार होती. व्यापाऱ्यानं 'नष्ट' लिहून सही केली.

धनेशनं सरूला धरलं. "तुझ्या डब्यातला भात सांडला असणार! कितीदा सांगितलं, तिथं बसून जेवू नका म्हणून!" ती रडत म्हणाली, "माझा डबा भाकरीचा असतो, शेट." तिला त्याच दिवशी घरी बसवलं. दादा तेव्हा लावणीला गावी गेला होता. चार दिवसांनी आला, त्याला मीच सांगितलं. तो चिखलाच्या पायांनीच कारखान्यात गेला, मी मागोमाग.

"सरूला बोलाव. तांदूळ मी घातला."

"काय घातलं?"

"अक्षता."

धनेशनं फायलीतला तो कागद पुढं केला. "काका, धान्य नको म्हणून वाचून दाखवलं होतं ना मी?"

"ते धान्य कुठं व्हतं? कुंकू लावल्यावर तो तांदूळ राहतो काय?"

"त्यांच्या कायद्यात कुंकवाला कलम नाही, काका."

दिनानाथशेट खुर्चीत बसले होते. म्हणाले, "त्यांना बोलू नकोस. मी पस्तीस वर्षं ह्यांना अक्षता घालताना बघतोय. मला कुठं आठवलं?"

दादानं फक्त एक विचारलं. "विसर्जन केलं काय त्यांनी?"

धनेश खाली बघत म्हणाला, "नाही काका. मशीनखाली चिरडतात आणि खड्ड्यात पुरतात."

त्या दिवशी दादा गावी गेला तो कारखान्यात पुन्हा आलाच नाही. त्यानं सुतक धरलं. दहा दिवस देवाला हात लावला नाही, कपाळाला गंध नाही. दहाव्या दिवशी कुंडलिकेवर जाऊन डोकं भादरलं. पारावरच्या लोकांनी थट्टा केली, "गुणाजी, कोण गेलं रे?" तो म्हणाला, "दोनशे चाळीस." कुणी पुढं हसलं नाही म्हणतात. मी गावच्या भटजींना घेऊन गेले. ते समजावत होते, "प्राणप्रतिष्ठा झालीच नव्हती, दोष लागत नाही." दादा म्हणाला, "डोळे मी उघडले हो. त्यांनी मला बघितलंय."

मला त्या परक्या लोकांचाही राग येत नाही. आमचा किडा त्यांच्या गव्हात शिरला असता तर तिथलीही कुणी बाई रडली असती. रोज अथर्वशीर्ष म्हणताना त्यांच्यासाठीही हात जोडते. पण पुड्या बांधलेल्या बोटांचं काय करू ते कळत नाही.

तर आज रोह्याला गेले. दादा अंगणात वाल झोडत होता. केस वाढलेत, सगळे पांढरे. मी पाणी पिऊन झाल्यावर विषय काढला.

"शेट घरी आले होते."

"बरे हायत ना?"

"बरे आहेत. मूर्ती खोळंबल्यात, दादा. इथल्याच काढ हवं तर. पेणच्या, मुंबईच्या. परदेशातल्यांना हात लावू नको."

"फळीवर सगळे एकाच रांगेत असतात गो. कोण कुठला ते पाठीवर लिवलेलं असतं काय?" त्यानं काठी खाली ठेवली. "श्रावणात एकदा बसलो व्हतो मी. घरातल्या गणपतीला. डोळा काढायला गेलो की तो आधी माझ्याकडं बघतो. विचारतो, कुठं धाडतोस? मला सांगता येत नाय."

तो आत गेला आणि कुंचल्यांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. खारीच्या केसांचे कुंचले, त्यानं स्वतः बांधलेले.

"सरूला दे."

"सरूला? तिला येतं?"

"फुटक्या मूर्तींवर ती चोरून डोळे काढायची. मी बघितलंय. तिची रेघ थरथरत नाय. शेटला सांग, माझ्या जागी तिला बसव."

"तू तिची माफी मागायला गेलास तर तिनं दार लावून घेतलं. आता घेईल?"

"घेईल नायतर फेकील. तिचा राग खरा हाय. माझ्या पायी चोरासारखी घरी गेली ती."

शेटांनी तिला परत बोलावलं होतं, पण ती गेलीच नाही. गडबला माहेरी निघून गेली.

मी डबा पिशवीत ठेवला. निघताना दादा फाटकापर्यंत आला. काठी पुन्हा हातात होती. म्हणाला, "आन् तिला सांग, पाटाखाली काय घालू नको."

"दादा..."

"सांग तिला," म्हणाला, आणि वाल झोडायला वळला. काठीचे घाव रस्त्यापर्यंत ऐकू येत होते.

दिनानाथशेटांना येताना सांगून आले. त्यांनी डबा उघडून कुंचले पाहिले. मग म्हणाले, "ती येते का बघा."

उद्या नैवेद्य झाला की साडेनऊच्या गाडीनं गडबला जायचं, आणि सरूच्या हातात कुंचल्यांचा डबा द्यायचा.