प्लायवूडची गादी

पोलिसातल्या नोकरीत खून-दरोडे बरेच पाहिले, पण मनातून जात नाही ती एका प्लायवूडच्या सिंहासनाची केस. ती आठवली की आजही स्वतःचाच राग येतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशकात दिंडोरी रोडवर एका संस्थेनं यादवकाळातल्या राजवाड्याचं आतलं दालन पर्यटकांसाठी उभं केलं होतं. कोरीव खांब, रंगवलेल्या भिंती, रेशमी पडदे आणि मधोमध सिंहासन. काम एका तरुण कलाकाराचं, आणि त्याचं हे पहिलंच मोठं काम. उद्घाटनाला चार दिवस उरले असताना, भरदुपारी कारागीर जेवायला गेले तेवढ्यात, कोणीतरी पडदे सुरीनं फाडले आणि भिंतींवर काळा रंग ओतला.

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला, की ठेका हुकलेल्या सुताराला विचारा. मी त्याला उचलून आणलं आणि दुसरा अख्खा दिवस त्याच्यापाशी घालवला. तो एकच धरून बसला होता, की मी वणीला होतो. चौकशी केली तर खरंच होता.

माझ्या हाताखाली एक नवा फौजदार होता. हुशार, इंग्रजी फर्डं, वरिष्ठांचा लाडका. मला तो डोळ्यांसमोर नको असायचा. तिसऱ्या दिवशी तो हळूच म्हणाला, "सर, दाराशी भुशात चपलांचे ठसे शेजारी-शेजारी आहेत, काढून ठेवल्यासारखे. आत रंगात मात्र अनवाणी पावलं आहेत. इतके खिळे पडलेत, तिथं चपला कोण काढेल?"

बघू, म्हणालो. मग त्याला बंदोबस्ताला पाठवून दिलं आणि एकटाच त्या कलाकाराकडे गेलो. आत येताना चपला कोण काढतं, एवढंच विचारलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "अण्णा काढतात." अण्णा म्हणजे त्याचे गुरू. जुन्या नाशकात गणपतीचे देखावे करायचे. एके काळी त्यांच्या कामाला तोड नव्हती.

अण्णांनी पहिल्याच प्रश्नाला कबुली दिली. टाचांच्या भेगांत काळा रंग तसाच होता.

"माझ्याकडं कागद डकवायची खळ शिजवायचा तो," ते म्हणाले. "आदल्या दिवशी बघायला गेलो, तर खुर्ची दिली, चहा दिला. पाहुण्यासारखा. ब्रश नाय दिला हातात."

"मग चपला कशाला काढल्या?"

"प्लायवूडची का असंना, गादी हाय ती. पडदे त्याचे, गादी राजाची."

अण्णांवर दोषारोपपत्र गेलं. दालन महिनाभर उशिरा उघडलं.

मत्सर परक्याचा फारसा वाटत नाही. जो आपल्या हाताखाली शिकतो आणि पुढे जाईल असं दिसतं, त्याचाच वाटतो. अण्णांचा कबुलीजबाब ऐकताना मला हे कळलं होतं. तरीही केस डायरीत मी लिहिलं, "ठसे माझ्या निदर्शनास आले." बक्षीस माझ्या नावावर आलं.

त्या दिवशी फौजदार पेढे घेऊन आला. "सर, तुमच्याकडून शिकायला मिळालं," म्हणाला. मी त्याच्या आवाजात टोमणा शोधला. तो नव्हता. मग मी पेढा घेतला आणि त्याच्यासमोर खाल्ला.