साडेचारच्या बसचा लखोटा

क्रिकेटवर सचोटीनं लिहिणारा माणूस म्हणून हल्ली माझे सत्कार-बित्कार होतात. शाल अंगावर पडली की मला गुदमरायला होतं, आणि त्याचं कारण यवतमाळात आहे.

एकोणीसशे साठच्या आसपास मी तिथल्या कचेरीत कारकून होतो आणि सुटीच्या दिवशी नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर. जिल्ह्यातल्या मॅचसाठी तार करायची परवानगी नव्हती. बातमी लखोट्यात घालून साडेचारच्या नागपूर बसच्या कंडक्टरकडे द्यायची. मॅच संपायची साडेपाचला. म्हणून चहापानापर्यंतचा खेळ पाहायचा आणि उरलेला आपल्या अकलेनं लिहून टाकायचा. आम्ही सगळेच असं करायचो. अंदाज बहुधा बरोबर यायचा, त्यामुळे लाजबीज काही वाटायची नाही.

त्या वर्षी जिल्ह्याच्या फायनलला घाटंजीजवळच्या तांड्यावरचा एक बंजारा तरुण यवतमाळकडून पांढरकवड्याविरुद्ध खेळत होता. काथ्याच्या मॅटिंगवर त्याचा चेंडू अंगावर यायचा. सुरुवातीला मात्र त्याला भरपूर मार पडला. चहापानाला पांढरकवड्याला चाळीसेक धावा हव्या होत्या आणि सात गडी शिल्लक होते. मी लिहिलं, पांढरकवडा सहज जिंकला. तांड्यावरच्या गोलंदाजात काही दम दिसला नाही. लखोटा देऊन घरी जाऊन आडवा झालो.

पुढच्या तासाभरात त्यानं सातच्या सात गडी घेतले. यवतमाळ जिंकलं.

बातमी छापून आली तेव्हा बाजारात लोकांनी माझी यथेच्छ टर उडवली. मी संपादकांना कळवलं, छपाईत निकाल उलटा झाला. दोन ओळींची दुरुस्ती आली. गोलंदाजाबद्दल तीत अक्षर नव्हतं, कारण मीच ते कळवलं नव्हतं. उलटा निकाल कंपोझिटरच्या माथी मारता येतो, ‘दम दिसला नाही’ कसं मारणार?

महिन्याभरानं तो गोलंदाज कचेरीत माझ्या टेबलाशी आला. नागपूरला निवडीसाठी गेला होता. तिथल्या साहेबांनी माझ्या बातमीचं कात्रण दाखवून त्याला एक चेंडूही टाकू दिला नव्हता.

“भाऊ, मले एक चिठ्ठी लिहून द्या न,” तो म्हणाला. “तुमचं लिहेल ते लोकं मानतेत. सात घेतले, येवढंच लिवा.”

चिठ्ठी दिली तर मी मैदानावर नव्हतो हे उघडं पडणार होतं. वार्ताहरकी गेली असती. मी भेकड होतो, दुसरा शब्द नाही.

“छापलेलं बदलत नाही,” मी फायलीतून मान वर न काढता म्हणालो.

 त्यानं विचारलं, “तुमी होते न तेथी, शेवटपरेंत?”

“होतो.”

“मंग तुमाले दिसलं तसंच असन,” तो म्हणाला आणि निघून गेला.

पुढे तो पांढरकवड्याला ट्रकवर लागल्याचं आणि खेळ सोडल्याचं कानावर आलं. त्याचे सात बळी सगळ्या मैदानानं पाहिले होते. तरी त्यानं माझंच खरं मानलं.