ठमाबाई आणि जपानी साहेबांचा डबा

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. मोहन्याजवळच्या एका कारखान्यात नवी यंत्रं बसवायला ओकुबो नावाचे जपानी साहेब आले आणि त्यांच्या बंगलीवरच्या स्वयंपाकाचं काम गावातल्या ठमाबाईकडे आलं. ठमाबाईच्या हाताला चव होती, पण वाढताना तो हात थांबत नसे. कुणी 'नको' म्हणालं की तिला वाटे, लाजतोय.

पहिल्याच दिवशी साहेबांनी तिला एक चपटा, काळा, चकचकीत लाकडी डबा दिला. आत छोटे कप्पे. ठमाबाईने दाबून भात भरला, वर बोंबलाचं कालवण ओतलं आणि झाकण दोरीने आवळलं. दुपारी साहेब परतले ते यंत्राचे नकाशे दोन बोटांत धरून. नकाशांवरून कालवण ठिबकत होतं.

साहेब रागावले नाहीत. दुसऱ्या सकाळी स्वतःच चुलीपुढे बसले. थोडा भात, भाजलेला मासा, अंड्याची गोडसर गुंडाळी, मिठातला मुळा, सगळं आपापल्या कप्प्यात. शेवटी भाताच्या मधोमध बरणीतलं एक लाल, खारवलेलं आंबट फळ ठेवलं.

"यवऱ्याशा भातान चिमनीचा तरी पोट भरंल का?" घरी आल्यावर ठमाबाई नवऱ्याला म्हणाली. "आनि कालवनाचा न् भाताचा काय भांडन हाय का?"

"भाताला कुंकू लावतो ना? मंग मानूस बरा असंल," परशुराम म्हणाला.

पुढे ती बरणी संपली. साहेब रिकामी बरणी उजेडाकडे धरून बसले. ठमाबाईला ते बघवेना. तिने आमसुलं मिठाच्या पाण्यात भिजवली, वळून गोळी केली, भाताच्या मधोमध बसवली आणि डबा घेऊन स्वतःच कारखान्यात गेली.

साहेबांनी गोळी तोंडात टाकली. डोळे गच्च मिटले. ठमाबाई घाबरली. मग साहेब हसले आणि इतके खाली वाकले, की त्यांचं काहीतरी पडलं असेल म्हणून तीही जमिनीवर शोधू लागली.

त्या दिवसापासून डबा तीच भरू लागली. कप्पे तेच, पण भात रोज थोडा जास्त दाबून. वर्षाने साहेब निघाले तेव्हा कोटाचं बटण लागत नव्हतं.

"झाला ना समाधान?" परशुरामने विचारलं.

"झाला. त्याची बायको तरी म्हनंल, मानसाला नीट ठेवला हुता."